चांगूकाकीची दोरी

चांगूकाकीचे दोन्ही हात पलंगाच्या दांड्यांना बांधले होते. पांढऱ्या गॉजची पट्टी, मनगटावर दोन वेढे आणि वर घट्ट गाठ. "पेशंट नळ्या ओढेल," सिस्टर म्हणाली. "सारखं ट्यूब ट्यूब चाललंय तिचं. आम्ही तरी काय करणार?" सिस्टरचं काही चुकलं नाही, असं मला नंतर बऱ्याच जणांनी समजावलं. समजावू देत. मला तेव्हा राग आला होता आणि तो आजही जागच्या जागी आहे. जीव बांधून ठेवायचा नाही, ही एकच गोष्ट जी बाई जन्मभर ओरडून सांगत आली, तिलाच बांधलं होतं. आणि ती काय मागतेय ते त्या खोलीत कुणाला कळत नव्हतं.

ते कळायचं तर आधी काकी आणि तिचं तळं सांगायला हवं.

जेसल पार्काकडून भाईंदरच्या जुन्या गावात शिरलं की इमारतींच्या मधोमध हे तळं लागतं. काकीचं म्हणजे कागदोपत्री तिचं नव्हे. पण त्या तळ्याच्या काठावर तिच्याइतकं कुणी ओरडलेलं नाही, म्हणून तिचं. निम्मं पाणी शेवाळाने आणि कमळाच्या देठांनी गच्च भरलेलं. मध्ये मध्ये मोकळ्या पाण्याचे तुकडे, त्यांना काकी 'दारं' म्हणायची. गावाने सोडलेले रोहू आणि कटला शेवाळाखाली पोसायचे आणि दारात येऊन तोंड दाखवायचे. उन्हं वर यायच्या आत काकी घाटाच्या पायरीवर बसलेली असायची. काष्टा घातलेला, गळ्यात ठसठशीत सोनं, दातांना मिश्री, हातात बांबूची लांब काठी, आणि शेजारच्या डब्यात शेंगदाण्याची पेंड घालून मळलेला कणकेचा गोळा.

ती घरतांची सून. आमच्या इमारतीखाली पूर्वी तिच्या सासऱ्यांचं भाताचं शेत होतं, पलीकडे मिठागरं. नवरा लवकर गेला, मग शेत बिल्डरकडे गेलं आणि त्याच्या बदल्यात काकीला तिसऱ्या मजल्यावर तळ्याकडच्या गॅलरीचा फ्लॅट मिळाला. मी परळ सोडून त्याच इमारतीत राहायला आलो. विम्याच्या कचेरीत नोकरी करतो एवढं तिला समजलं आणि माझं नाव 'इमावाला' पडलं. खरं नाव तिने कधी विचारलं नाही.

तिचा माझ्यावरचा पहिला राग दोरीवरून होता. एका रविवारी मला मासे धरायची हौस आली. स्टेशनजवळच्या दुकानातून मी काठी, रीळ आणि एक चकचकीत पाकीट घेऊन आलो. पाकिटात केसासारखा बारीक तंगूस होता, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. "इम्पोर्टेड है, मछली को दिखेगाच नहीं," दुकानदार म्हणाला होता. मी काकीपासून थोडा लांब बसलो आणि गळ टाकणार, इतक्यात ती उठून आलीच.

"दोरी दाव."

मी दाखवली. तिने ती पाण्यात भिजवली, घाटाच्या दगडाच्या कडेवर दोनदा घासली, अंगठ्याच्या नखावरून ओढली आणि मग दोन हातांना गुंडाळून झटका दिला. दोरी टचकन तुटली.

"ही दोरी न्हाय, जाल्याचा कोली बी हिच्यापेक्षा जाड काततो."

"काकी, जाड दोरी माशाला दिसते. बारीक असली की जास्त लागतात."

"लागतात रं! लागतात न् जातात कुठं? तुज्या ऑफिसान?" आवाज एवढा चढला की समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत आली. "रोहू लागला का परथम शेवालान घुसतो. दोन वेढे मारले का तुजी दोरी खलास. तू जातंस घरी चहा पिवाला. तो तोंडान गरी घेऊन तिथंच बांधलेला. न खाता येत, न हलता येत. तीन दिसांनी फुगून वर येतो. मंग तुमीच नाकाला रुमाल लावतंस." गरी म्हणजे गळाचा आकडा. मग तिने ते वाक्य म्हटलं, जे मी पुढे शंभर वेळा ऐकलं. "मासा काढाचा, न्हायतर सोडाचा. बांधून ठेवाचा न्हाय."

मी चिडलो होतो. रविवारची सकाळ, चारचौघांत अपमान, वर तुटलेली दोरी. पण तिने मला हाकललं नाही. शेजारी बसवून स्वतःची दोरी हातात दिली. सुतळीच्या जवळ जाईल एवढा जाड तंगूस, काठीच्या टोकाला थेट बांधलेला. रीळ नाही, सैल सोडायची सोय नाही. दाराच्या अगदी कडेला गळ सोडायचा, आणि लागला की त्याला वळू न देता तिथल्या तिथे वर घ्यायचा. शेवाळ आलं तर शेवाळासकट. सगळी सकाळ गेली तरी कधी कधी तिला एकही मासा लागत नसे. जाड दोरी बघून ते दारातूनच माघारी फिरायचे, हे तिला माहीत होतं. शेजारी बारीक दोरीवाले पटापट काढायचे आणि तिला हसायचे. ती त्यांना मनापासून शिव्या घालायची आणि दोरी बदलायची नाही.

शिव्यांच्या बाबतीत तिच्याकडे भेदभाव नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचे दळवी, मूळचे लालबागचे, बँकेत अधिकारी, संक्रांतीनंतर गच्चीवर पडलेला नायलॉनचा मांजा गुंडाळून तळ्यावर आले. दोरी म्हणून मांजा! "शेवाळ सपासप कापतो हा," ते मला कौतुकाने सांगत होते. मांजाने शेवाळ कापलं हे खरं. पण त्याचं तुटलेलं टोक पाण्यावर राहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यात एक पाणकोंबडी अडकली. काकी पाण्याच्या कडेला गुडघे टेकून कात्रीने एकेक वेढा कापत होती आणि पाणकोंबडी तिच्या बोटांना चोची मारत होती. "मेले, तुना सोरवतंय न् मनाच चावतंस? जा, मर तिकरं!" असं म्हणत तिने तिला सोडली. पाणकोंबडी गेली तशी ती सरळ दळवींकडे वळली, त्यांच्या हातातली फिरकी घेतली आणि घाटावरच पेटवून दिली. नायलॉनचा काळा धूर दळवींच्या पांढऱ्या शर्टावर गेला.

"मी पोलिसांना बोलावतोय," दळवी ओरडले.

"बोलव! मांजा बंद हाय, मना बी म्हाईत हाय. बोलव, मी हितंच बसलंय."

दळवींनी पोलिसांना बोलावलं नाही. पुढे वर्षभर ते जिन्यात भेटले की तिच्याकडे न बघता जायचे. आणि मासे धरायला ते बारीक तंगूसच आणत राहिले, तिला खिजवायला म्हणून.

आता मी जे सांगणार आहे ते काकीच्या एका चुकीबद्दल आहे. तिच्या माहेरी सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवत, म्हणजे ती खाऱ्या पाण्यात कुजत नसत. सुती जाळी गेली, सालही मिळेनाशी झाली, पण काकीने रीत सोडली नाही. नवा तंगूस आणला की ती तो चहाच्या कोमट पाण्यात भिजत घालायची. "काकी, हे नायलॉन आहे, हे कुजत नाही," मी एकदा म्हणालो. "तू इमा इक," ती म्हणाली. रंग तपकिरी यायचा, बाकी काही बिघडत नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो.

एका सकाळी नवा तंगूस घातलेलं चहाचं पातेलं गॅसवर असतानाच दाराची बेल वाजली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले होते. लिफ्टमधून मासे नेऊ नयेत अशी पाटी त्यांनी आदल्या आठवड्यात लावली होती, आणि ती मी वाचून दाखवताच काकी बादलीत रोहू घेऊन तळमजल्यापासून वरपर्यंत आणि परत खाली अशा फेऱ्या मारत बसली होती. प्रत्येक मजल्यावर दार उघडून.

"काकी, बास आती है. लेडीज लोग कंप्लेंट करते हैं," सेक्रेटरी नरमाईने म्हणाले.

"बास? ये तुमचा लिफ्ट का खड्डा है ना, उधर मेरा सासरा चिखल में नांगर धरता था! तब चिखल का बास आता था. तवा किदर था तुम?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. ज्यांच्या शेतात आपण राहतो त्यांना जिन्याने जा म्हणणारे आपण कोण, असं मी तेव्हा म्हणायला हवं होतं का? म्हटलंही. सेक्रेटरी माझ्यावर रुसले. हे भांडण बराच वेळ चाललं, आणि तेवढ्या वेळात आत तंगूस चहात रटारटा उकळला. बाहेर काढला तेव्हा तो जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखा वेटोळी झाला होता. काकीने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तो काठीला बांधला. तपासला नाही. दगडावर घासला नाही, नखावरून ओढला नाही. आपली चूक दगडावर घासून बघणं तिच्या स्वभावात नव्हतं.

त्याच दिवशी तिला सगळ्यात मोठा रोहू लागला. काठी वाकली, काकी पाय रोवून उभी राहिली, आणि दोरी तुटली. आवाजसुद्धा झाला नाही. काठी सरळ झाली आणि मधल्या शेवाळात एक जागा थरथरू लागली. थांबे, पुन्हा थरथरे. मासा बांधला गेला होता, काकीच्या दोरीने.

घाटावरच्या बारीक दोरीवाल्यांना पर्वणीच मिळाली. "काय काकी, काढायचा का सोडायचा?" एकाने विचारलं. मी त्याला तिथेच पाण्यात ढकलायला हवा होता. काकीने त्याला शिवी दिली नाही, यावरून मला परिस्थिती समजली. तिने फक्त मुलाला फोन लावला.

मुलगा दिनेश. त्याचा टेम्पो-ट्रकचा धंदा. तो घोडबंदरच्या रस्त्याला कुठेतरी माल उतरवत होता.

"दिन्या, टूब आन."

टूब म्हणजे ट्रकच्या टायरची रबरी ट्यूब. फुगवून तीवर पोट टाकलं की शेवाळात पाय न अडकता जाता येतं. गावातली पोरं त्यावरच पोहायला शिकली.

"आई, येका माशासाठी गारी सोरून येव? काय बोलतंस तू?"

"टूब आन!"

दिनेश आला. आला तोच तणतणत, आईला, माशाला आणि मला मिळून बोलत. पण आला. ट्यूबवर पालथा पडून, हातात कोयता घेऊन तो शेवाळात गेला आणि एकेक देठ तोडत राहिला. काठावर लोक मोबाइल धरून उभे होते. अखेर तो रोहूला कवेत घेऊन परत आला, अंगभर चिखल आणि शेवाळ. काकीने माशाच्या तोंडातली गरी दोन बोटांनी सोडवली. जखम किती आहे ते पाहिलं आणि त्याला पाण्यात सोडून दिला. दिनेश बघतच राहिला.

"अगं, सोरलास? मना कशाला मंग बोलावलास?"

"ह्याला मी धरला न्हाय, शेवालानं धरला. शेवालाचा मी कशाला खाव?"

मी नंतर हळूच म्हणालो, चहामुळे दोरी कच्ची झाली असेल. "तुजी नजर लागली," ती म्हणाली आणि विषय संपला. मात्र त्यानंतर तिच्या घरात चहा फक्त प्यायला उकळला.

तर ती बाई, आणि तिचे हात गॉजने बांधलेले. छातीत पाणी झालं म्हणून तिला दवाखान्यात नेलं होतं. मग किडन्या थकल्या, मग आणखी काहीतरी. नाकात नळी, तोंडावर मास्क, दंडात सुया. दिनेश आणि मी भेटायच्या वेळेला गेलो तेव्हा डॉक्टर समजावत होते. "बरं होण्याचा प्रश्न आता उरलेला नाही. पण मेंटेन करू शकतो." किती दिवस, असं दिनेशने विचारलं, तर ते सांगता येत नाही म्हणाले. शब्द तोच, मेंटेन. लिफ्ट मेंटेन करतात, पाण्याचा पंप मेंटेन करतात.

आम्हाला बघून काकीने मान वळवली. मास्कमधून आवाज नीट येत नव्हता.

"टूब... टूब..."

"बघा, पुन्हा ट्यूब," सिस्टर म्हणाली. "म्हणून तर हात बांधलेत. नळ्या काढून टाकेल ती."

काकीने डोळे मिटले, श्वास गोळा केला आणि तळ्यावरच्या आवाजात म्हणाली, "दिन्या, टूब आन!"

दिनेशचा हात खिशात होता, तो तिथेच थांबला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. दुःख नव्हतं ते. तो भडकला होता.

"काढ न्हाय बोलत ती," तो म्हणाला. "आन बोलते. आन! मना बोलावते ती. तुमाला काय कलतंय?"

सिस्टरला खरंच काही कळलं नाही. दिनेश पलंगाशी गेला आणि गाठी सोडू लागला. त्या सुटेनात, तेव्हा त्याने दात लावले. सिस्टर ओरडली, वॉर्डबॉय धावत आला, डॉक्टर म्हणाले, असं करता येणार नाही, ही तुमची जबाबदारी होईल. "माजीच हाय," दिनेश म्हणाला. "माजी आई हाय. बरी करनार असाल तर करा, आता करा. न्हायतर मना नेऊ द्या." मी मध्ये उभा राहिलो, एवढंच माझं काम. सुटलेल्या मनगटावर गॉजचे लाल वळ उठले होते. काकीने ते पाहिले, मग पट्टीचं लोंबतं टोक हातात धरलं आणि अंगठ्याच्या नखावरून ओढून पाहिलं.

आम्ही तिला घरी आणली. खुर्चीत बसवून चौघांनी धरून आणली, तेव्हा इमारतीच्या दारात सेक्रेटरी लिफ्ट अडवून उभे होते. वरून कुणी बटण दाबत होतं त्याच्यावर ते गुजरातीत ओरडत होते. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदा ऐकलं. काकीने जाताना त्यांच्याकडे बघितलं. "मासा न्हाय आनला आज," ती पुटपुटली. सेक्रेटरींनी तोंड फिरवून डोळे पुसले.

त्यानंतर ती थोडेच दिवस होती. दिनेशने तिची खाट गॅलरीत लावली. जेवण जवळजवळ नव्हतं, बोलणंही कमी, पण राग शाबूत होता. दिवसभर ती कठड्याच्या जाळीतून खाली तळ्याकडे बघायची.

मी तिला शेवटचं पाहिलं ते एका सकाळी, गॅलरीत तिच्या खाटेशी बसलो होतो तेव्हा. खाली घाटावर दळवी काठी घेऊन आले. बसणार, इतक्यात त्यांचं लक्ष वर गेलं.

"ए दलवी!" काकीचा आवाज. फाटलेला, पण पोचला. "दोरी दाव!"

मला वाटलं, आता हा माणूस ऐकलं न ऐकलंसं करणार. दळवी उभे राहिले. त्यांनी दोरी पाण्यात बुडवली, घाटाच्या कडेवर दोनदा घासली, नखावरून ओढली, आणि दोन्ही हात डोक्यावर उंच करून ती तिसऱ्या मजल्याकडे ताणून धरली. एवढ्या लांबून तंगूस दिसणं शक्यच नव्हतं. माझे डोळे चांगले आहेत, मलाही दिसत नव्हता. काकी बराच वेळ बघत राहिली. तोवर दळवींनी हात खाली घेतले नाहीत.

"बारीक हाय," काकी म्हणाली.

दळवींनी दोरी गुंडाळली, काठी खांद्यावर घेतली आणि घरी गेले.